हवेचा दाब आणि खोक्यावरचा आकडा

मोटारीच्या टायरमध्ये हवा भरणारा लहानसा विजेचा पंप ही आता मध्यमवर्गीय कुटुंबाच्या खरेदीतील नित्याची वस्तू होऊन बसली आहे. त्याची कारणे उघड आहेत. ट्यूबलेस टायर, दाबदर्शक यंत्रणा आणि पंक्चर-दुरुस्तीचा संच असलेल्या लहान मोटारींना स्टेपनी बाळगण्याची सक्ती ऑक्टोबर २०२० पासून उरलेली नाही. दुसरीकडे, ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. अशा रस्त्यावर सलग वेगाने धावताना कमी हवेच्या टायरच्या भिंती सतत दबत राहतात, टायर तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो. तेव्हा पंप घेणे ही चैन नव्हे. प्रश्न आहे तो निवडीचा, आणि तेथे ग्राहकाची सर्रास दिशाभूल होते.

खोक्यावर ठळक अक्षरांत १५० पीएसआय असा आकडा असतो. सामान्य मोटारीस लागतो ३० ते ३५ पीएसआय दाब. विहिरीवरचा पंप पाणी किती उंच चढवील हे कळल्याने हौद किती वेळात भरेल ते कळत नाही, हे आपल्याकडील कोणताही शेतकरी सांगेल. येथेही तेच आहे. महत्त्व आहे ते दर मिनिटास किती लिटर हवा मिळते याला. लहान मोटारीच्या टायरची पोकळी सुमारे ३० लिटरची. २५ वरून ३३ पीएसआयवर जाण्यास बाहेरची सुमारे १६ लिटर हवा पुरते. पार बसलेल्या टायरला मात्र ६५ लिटरांहून अधिक लागते. पहिले काम कोणताही पंप करील. दुसऱ्या कामात हलका पंप तापतो, आणि अनेक पंपांना दहा-पंधरा मिनिटांनंतर विश्रांती द्यावी लागते. हा तपशील खोक्यावर नव्हे, आतल्या घडीपत्रकात बारीक टायपात असतो.

बॅटरीवरचा पंप सुटसुटीत खरा. पण सहा महिने डिकीत उन्हाने भाजल्यावर ऐन वेळी तो रिकामा निघण्याचा संभव असतो. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा पंप दिसायला गबाळा, तरी आणीबाणीसाठी मी तोच पसंत करीन. मात्र त्याची तार मागच्या चाकापर्यंत पोचली पाहिजे.

पेट्रोलपंपावर हवा फुकट मिळते, मग हा खर्च कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की, दाब थंड टायरचाच मोजावयाचा असतो, आणि तो चालकाच्या दारालगतच्या पट्टीवरील आकड्याशी ताडावयाचा असतो. पेट्रोलपंपावर पोचेतो टायर तापलेला असतो. घरी पहाटे मोजणे म्हणूनच श्रेयस्कर. त्याकरिता साधा, वेगळा दाबमापक जवळ ठेवावा, कारण पंपावरील काट्याची खात्री कोणी दिलेली नसते.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विक्रेत्यास ठाऊक असलेला गुण ग्राहकास पारखता येत नसेल तर चांगला मालच बाजारातून हुसकला जातो. पंपांच्या बाबतीत तेच घडत आहे. वेष्टित वस्तूंविषयीचे २०११ चे नियम कमाल किरकोळ किंमत व उत्पादकाचे नाव छापावयास लावतात. मग ३० पीएसआय दाबाला मिनिटास किती लिटर हवा मिळते आणि पंप सलग किती वेळ चालतो, हे दोन आकडे छापण्याची सक्ती का असू नये? कारखानदारास त्याचा खर्च शाईपुरताच येईल, आणि शे-दोनशे रुपये जास्त घेणारा प्रामाणिक उत्पादक टिकून राहील.

तोवर ग्राहकाने दुकानदारास आपल्याच गाडीचा एक टायर २५ वरून ३३ वर नेऊन दाखवावयास सांगावे आणि घड्याळ लावावे. घरपोच मागविणाऱ्याने हीच परीक्षा वस्तू परत करण्याच्या मुदतीत उरकावी. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.