संगणक म्हातारा झालेला नसतो

बऱ्याच घरांत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला एक लॅपटॉप किंवा टेबलावरचा संगणक असतो. बटण दाबायचे, चहा टाकायचा, चहा पिऊन व्हायचा आणि मग कुठे पडद्यावर काहीतरी उमटायचे. ‘आता हा म्हातारा झाला, नवीन घ्यायला हवा,’ असा निकाल घरात कुणीतरी देतो आणि तो सगळ्यांना पटतो. माझ्या मते हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो खिशाला महाग पडतोच, शिवाय त्याची किंमत आपल्याला न दिसणारी माणसे तब्येतीने मोजतात.

संगणक माणसासारखा सगळ्या अंगांनी एकदम थकत नाही. त्याचा मुख्य प्रोसेसर दहा वर्षांनीही पूर्वीच्याच वेगाने काम करत असतो. रखडते ती साधारणपणे हार्ड डिस्क. तिच्यात मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरणारी तबकडी असते आणि माहिती शोधायला एक बारीक दांडी तिच्यावर इकडून तिकडे सरकते. एकेक तुकडा सापडायला १० ते १५ मिलिसेकंद लागतात. ऐकायला हा वेळ नगण्य वाटतो, पण संगणक सुरू होताना असे हजारो तुकडे गोळा करावे लागतात. तबकडीऐवजी चिप असलेल्या एसएसडीला तेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात जमते, म्हणजे जवळपास शंभरपट लवकर. त्यामुळे एवढा एकच भाग बदलला तरी मिनिटांचे काम सेकंदांवर येते.

दुसरे कारण अपुरी रॅम. स्वयंपाकघरातला ओटा लहान असला की प्रत्येक डबा कपाटातून काढायचा, वापरायचा आणि लगेच आत ठेवायचा अशी धावपळ होते. चार जीबी रॅमच्या संगणकात ब्राउझरची दहा पाने उघडली की नेमके हेच होते. रॅम आठ जीबी केली की ओटा दुप्पट होतो. हे दोन भाग मिळून नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा हिश्शात येतात.

हे काम घरच्या घरी जमते का? हात स्थिर असेल आणि घाई नसेल, तर जमते. आधी सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. आपल्या मॉडेलला कोणती रॅम चालते ते पाहावे. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. वायर काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे. लॅपटॉप असेल तर उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. रॅमला हात लावण्यापूर्वी धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी. आपल्याला न जाणवणारा झटकासुद्धा चिप निकामी करू शकतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ते कागदावर मांडून ठेवावेत. जोर लावावा लागत असेल तर थांबावे. एखादा स्क्रू किंवा खटका नजरेतून सुटलेला असतो.

काही गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. डेस्कटॉपमधला एसएमपीएस आणि जुना डबा मॉनिटर उघडू नये, कारण वायर काढल्यावरही त्यांत धोकादायक विद्युतभार उरतो. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर ती टोचू किंवा दाबू नये, ती पेट घेऊ शकते. मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी काढली तर ती लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये. गिळल्यास ती अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा करते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता तब्येतीच्या किमतीकडे वळू. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी जेमतेम २२.३ टक्के नोंदणीकृत मार्गाने गोळा होऊन पुनर्वापरात गेला. उरलेल्यातला बराच भंगाराच्या वाटेने जातो. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि मदरबोर्ड उघड्या हातांनी सुटे केले जातात. त्या धुरात डायॉक्सिन असते आणि जुन्या सोल्डरमध्ये शिसे. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याची सुरक्षित पातळी अशी काही ठाऊक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच प्रश्नावर स्वतंत्र अहवाल काढला. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जबाबदारी उत्पादकांवर आहे. तरी दारावरचा भंगारवाला जास्त सोयीचा वाटतो, हेही खरे.

‘पण विंडोजचे काय?’ हा आक्षेप रास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागते, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृत यादीत नाहीत. सुरक्षा दुरुस्त्या न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घालता येते. ब्राउझर, पत्रलेखन, मुलांचा अभ्यास, देवनागरी टंकलेखन एवढे त्यावर सहज होते. ठरावीक विंडोज सॉफ्टवेअरवरच ज्यांचे काम अडते, त्यांना नवे यंत्र घ्यावे लागेल. पंधरा-वीस वर्षांच्या यंत्रावर खर्च करण्यातही फारसा अर्थ नाही. पण या दोन टोकांच्या मध्ये जे संगणक आहेत, ते वाचवण्यासारखे आहेत.

१९८१ चा आयबीएम पीसी आला तेव्हा त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटच्या आकृत्या छापल्या होत्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवणारी पिढी त्याच खुलेपणावर तयार झाली. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली होती. आज अनेक कंपन्यांच्या पातळ लॅपटॉपमध्ये तेच दिसते. काही मिलिमीटर जाडी वाचते आणि यंत्राचे आयुष्य खरेदीच्या दिवशीच ठरून जाते.

म्हणून पुढचा लॅपटॉप घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: रॅम वाढवता येते का, आणि डिस्क बदलता येते का? गिऱ्हाइकांनी हे विचारलेच नाही, तर उत्पादकाला उत्तर द्यायची गरज पडत नाही. आणि घरातला जुना संगणक भंगारात घालण्याआधी त्याचे झाकण एकदा उघडून पाहावे. स्वतःला जमत नसेल तर कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. त्याच्याही हाताला काम मिळते. भाग बदलताना निघालेली जुनी डिस्क मात्र त्यातली माहिती पुसल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नये. ती चांगली असेल तर छोट्या डबीत घालून घरच्या फोटोंची एक जादा प्रत ठेवायला वापरावी.