पाळीवरचा शोधखेळ

धानाची कापणी आटोपत आली की गोरेगाव तालुक्यातील बांध मोकळे होतात, तलावांवर पाहुणे पक्षी उतरू लागतात आणि मुलांच्या हाती सुट्टीचे दिवस असतात. अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी निसर्गातील शोधखेळ योजण्यास याहून चांगला काळ नाही. लहान मुलांना ‘एक पिवळे पान आण, एक गोल दगड आण’ एवढे पुरते. मोठी मुले अशी यादी पंधरा मिनिटांत संपवतात आणि कंटाळतात. त्यांना वस्तू नव्हे, प्रश्न द्यावा. तोही ज्याचे उत्तर आपणांसही ठाऊक नाही असा.

प्रथम जागा. नागझिरा जवळ असला तरी तो या खेळासाठी नाही. अभयारण्यात वाहनातून उतरता येत नाही आणि तेथील पानही उचलू नये. गावचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हीच योग्य जागा. पाळ, पाणथळ, शेत आणि झुडपे असे चार निरनिराळे अधिवास तेथे अर्ध्या किलोमीटरच्या आत मिळतात. आदल्या दिवशी पालकांनी स्वतः फिरून हद्द ठरवावी आणि ती ओळखीच्या झाडांनी मुलांना दाखवावी. परिसरात वन्यप्राण्यांचा वावर आहे का, हे वनरक्षकांना अवश्य विचारावे. मोहफुले वेचण्यास पहाटे गेलेल्यांवर अस्वलाने वा वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या पूर्व विदर्भास नव्या नाहीत; म्हणून पहाट आणि तिन्हीसांजा वर्ज्य. सकाळी आठ ते दहा ही वेळ उत्तम.

चौघांचा एक गट करावा आणि प्रत्येक गटासोबत एक मोठे माणूस असावे. साहित्य म्हणजे वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि पाण्याची बाटली. काही तोडायचे नाही, काही घरी आणायचे नाही. चित्र, माप आणि स्वतःला पडलेला एक प्रश्न, हाच पुरावा. गुणही त्यालाच द्यावेत. आधी पोहोचणाऱ्याला नव्हे.

प्रश्नांचे काही नमुने:

१. पळसाच्या तीन पर्णिकांपैकी मधली आणि बाजूच्या दोन यांच्या आकारात काय फरक आहे? पाच पाने झाडावरच मोजा.
२. वाऱ्याने उडणारे, कपड्यांना चिकटणारे आणि पक्ष्याच्या पोटातून पसरणारे अशी तीन बीजे शोधा. प्रत्येकाची रचना त्या कामास कशी जुळते?
३. लाल मुंग्यांनी पाने जोडून केलेले घर दुरून पाहा. पाने कशाने चिकटली असावीत? (मुंग्या आपल्या अळ्यांचे रेशीम यासाठी वापरतात, हे शेवटी सांगावे.)
४. चिखलातील पावलांचे ठसे मोजून काढा. बोटांमध्ये पडदा आहे का? तो पक्षी पोहत असेल की चालत?
५. डोळे मिटून दहा मिनिटे बसा. किती आवाज आले, कोणत्या दिशेने?
६. तलावातील देवधानासह तीन वनस्पतींची नावे आणि उपयोग एखाद्या ढीवर आजोबांना किंवा आजींना विचारा.

शेवटचा प्रश्न गाळू नये. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधला वनाधिकारी असताना पक्ष्यांविषयीचे कितीतरी ज्ञान तेथील माणसांकडूनच मिळवले.

जिल्ह्याचे भूषण असलेली सारसांची जोडी दिसली, तर तिच्यासोबत पिल्लू आहे का, एवढेच दुरून पाहावे. पक्षी मान उंचावून आपल्याकडे पाहू लागला की आपण फार जवळ आलो, असे समजून मागे फिरावे.

सुरक्षेचे नियम मुलांकडूनच मोठ्याने म्हणवून घ्यावेत: वारुळात, बिळात, दगडाखाली वा धानाच्या पुंजण्यात हात घालायचा नाही, पाण्यात उतरायचे नाही, पायात बंद बूट हवेत. सर्पदंश झालाच तर अवयव स्थिर ठेवावा. चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. १०८ क्रमांकास कळवून थेट शासकीय रुग्णालय गाठावे.

एवढा खटाटोप कशासाठी? चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक बाहेर ठेवले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन वर्षांनंतर त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली होती. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. ती मुले लहान होती, तरी उघड्यावरचा प्रकाश डोळ्यांस हितकर आहे, एवढे त्यावरून दिसते.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. या वयाची मुले आपण नको म्हटले तरी पाळीवर, शेतात, ओढ्याकाठी जातातच, आणि बहुधा कोणास न सांगता. कोठे थांबावे आणि हात कोठे घालू नये, हे त्यांना आपल्यासोबत असताना एकदा तरी कळलेले असावे. येत्या रविवारी दोन घरांनी मिळून आरंभ करावा. वह्या जपून ठेवाव्यात. वैशाखात पाणी आटल्यावर त्याच पाळीवर, तेच प्रश्न घेऊन पुन्हा जावे.