हिसकावलेला खेळ



इथे इसामिया बाजार, काचीगुडा, विवेक वर्धिनी यांच्या आठवणी नेहमी येतात. आज एका खेळाची आठवण लिहितो. शेवटी माझं मतही आहे. ते सगळ्यांना पटेलच असं नाही.

गोष्ट १९९५-९६ ची. मुलाच्या मामाने कोठीच्या गुजराती गल्लीतून त्याला 'ब्रिक गेम' आणून दिला. किंमत दीडशे रुपये. राखाडी रंगाची डबी, दोन पेन्सिल सेल, छोटासा पडदा आणि वर छापलेलं '९९९९ इन १'. मी हिशेबाचा माणूस, एकदा मोजून बघितले. वेगळे खेळ बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, बाकी सगळा वेगाचा आणि लेव्हलचा फरक! मुख्य खेळ एकच. वरून ठोकळे पडणार, ते फिरवून खाली बसवायचे. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. ढीग वरपर्यंत गेला की खेळ खलास.

मुलाची दहावी लागली. एका रात्री अल्जिब्राच्या वहीखाली डबी सापडली. मी हिसकावून घेतली, कपाटात टाकली आणि किल्ली खिशात ठेवली. "याने पोट भरणार आहे का?" असंही सुनावलं. तो काही बोलला नाही. पुढेही कधी त्याने ती मागितली नाही. दहावी झाली, बारावी झाली आणि मी ती परत द्यायला विसरलो.

खरं सांगायचं तर त्याच वर्षांत आमच्या शाखेत नवे कॉम्प्युटर आले होते आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही अधिकारी मंडळी त्यावर हाच खेळ खेळत होतो. घरी मात्र साहेब कडक!

या खेळाचं मूळ नाव टेट्रिस. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह नावाच्या माणसाने तो सरकारी संस्थेतल्या संगणकावर बनवला. त्या यंत्रावर चित्रं उमटत नसत, म्हणून त्याने कंसाच्या चिन्हांचे ठोकळे केले. पुढे खेळ जगभर विकला गेला, पण सोव्हिएत व्यवस्थेमुळे त्याला स्वतःला मानधन मिळू लागलं १९९६ पासून. टेट्रिसच्या पाठोपाठ १९९० मध्ये सेगा कंपनीचा 'कॉलम्स' आला. त्यात तीन-तीन रत्नांचे उभे खांब पडतात आणि एका रंगाची तीन रत्नं ओळीत आली की गायब होतात. आज फोनवर रंग जुळवण्याचे जे असंख्य खेळ आहेत, ते याच घराण्यातले.

आम्हा बँकवाल्यांना हा खेळ का आवडायचा, ते मला उशिरा कळलं. जुन्या लोकांना इंटर-ब्रँच रिकन्सिलिएशन आठवत असेल. एका शाखेची डेबिट नोंद दुसऱ्या शाखेच्या क्रेडिटशी जुळली की दोन्ही यादीतून गेल्या. न जुळलेल्या तेवढ्या उरायच्या, त्यांचा ढीग व्हायचा आणि इन्स्पेक्शनला साहेब बोट ठेवायचे ते नेमकं त्या ढिगावर. जुळवलेल्या हजार नोंदींबद्दल कोणी विचारत नसे.

आता अवघड भाग. मंडळी गेल्यानंतर रात्री तीनला माझी झोप मोडायला लागली. फोनवर रंग जुळवण्याचा एक खेळ होता, तो खेळत बसायचो. त्यात पाच 'जीव' मिळतात. ते संपले की एक तर थांबा, नाही तर पैसे भरा. रात्री तीनला कोण थांबतो? ८९ रुपये. मग १७९. कार्डाचा नंबर आधीच दिलेला, एक बोट टेकवलं की झालं. सहा महिन्यांनी स्टेटमेंटवर टिक करत बसलो, तर बेरीज चार हजार तीनशेच्या वर! आयुष्यभर लोकांना "सही करण्याआधी वाचा" सांगणारा मी. रक्कम फार मोठी नाही, पण लाज मोठी होती. मुलाला सांगितलंच नाही. आज तोही हे इथेच वाचेल.

दिवाळीच्या साफसफाईत कपाटातून ती डबी निघाली. आतल्या पट्ट्या गंजल्या होत्या. सँडपेपरने घासल्या, नवे सेल घातले आणि ती टुंईं करून चालू झाली. तीस वर्षं कोंडून ठेवलं तरी कुरकुर नाही.

माझं मत असं आहे, की आपल्या पिढीने चुकीच्या खेळावर बंदी घातली. ती डबी प्रामाणिक होती. एकदाच पैसे घेतले. नियम पहिल्याच मिनिटाला सांगितले. हरलात की हरलात, पैसे भरून वाचायची सोय नाही. बाजूला ठेवली तर "या, या" म्हणून बोलावत नाही. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा जुन्या टेट्रिसमध्ये इतका पुढे गेला की खेळच गोठून बंद पडला. म्हणजे त्या खेळालाही शेवट आहे. फोनवरच्या माझ्या खेळाला तो नव्हता, कारण तो संपला तर पैसे कोण भरणार?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीवर आपल्या तेलंगणात २०१७ मध्येच बंदी आली. पण हे 'जीव' विकत घेणं जुगारात धरत नाहीत, त्यामुळे इथे राखण आपल्यालाच करायची आहे. मुलाच्या हातून दीडशे रुपयांची डबी हिसकावणारे आपणच आज नातवंडं जेवावीत म्हणून त्यांच्या हातात फोन देतो. निदान त्यातलं कार्ड काढा. एकदाच पैसे घेणारा आणि संपणारा खेळ द्या. हॉलमध्ये सगळ्यांसमोर खेळू द्या, आपणही बाजूला बसा. आणि सरसकट 'टाइमपास' म्हणून हिणवू नका. माझ्यासारख्यांच्या रात्री त्याने सरतात.

परवा नातू आला, तेव्हा डबी त्याला दिली. दहा मिनिटांत त्याने माझा स्कोअर मोडला. मुलगा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "बाबा, ही टाकून नाही दिलीत?"

"नाही रे," म्हटलं, "द्यायची राहून गेली." माफी मागायची होती, तेवढीच जमली.

तुमच्या कपाटात कोणाचं काही कोंडलेलं असेल, तर या दिवाळीची वाट न बघता काढा.