कर्नेलची पोथी आणि तिचे प्रकरणवश

संगणकाच्या विद्यार्थ्याला कर्नेलचा सोर्स कोड वाचता येत नाही, या प्रश्नात मराठीच्या अध्यापकांनी का पडावे, असे कोणी विचारील. कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर कोणत्या प्रोग्रामला केव्हा मिळावा, मेमरीची वाटणी कशी व्हावी, हे तो ठरवतो. पण त्याचा सोर्स कोड हा माणसांनी लिहिलेला आणि माणसांनीच वाचायचा मजकूरही असतो. अवघड मजकूर वाचायला शिकवणे हा तर आमचा व्यवसाय आहे.

कळमेश्वरहून नागपूरला अभियांत्रिकी शिकायला जाणारी मुले सी भाषा शिकतात, ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्याख्या पाठ करून उत्तीर्णही होतात. मात्र प्रत्यक्ष कर्नेलचे पान समोर आले की थबकतात. मूळ कविता न वाचता गाइडवर बी. ए. होणारा आमचा विद्यार्थी त्यांचा सख्खा भाऊच म्हणायचा. त्यातून एखादा उत्साही निघालाच, तर तो थेट लिनक्स उघडतो आणि कादंबरीसारखा पहिल्या फायलीपासून वाचू लागतो. १९९१ साली सुमारे दहा हजार ओळींनिशी अवतरलेला हा कर्नेल आज तीन कोटी ओळींच्या पलीकडे गेला आहे. आठवड्याभरात उत्साह मावळतो आणि 'आपली कुवत नाही' असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही.

विदर्भाच्या मातीतला दाखला घ्यावा. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीत बंद होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. अक्षरे लागली, तरी अर्थ लागेलच असे नव्हते. सूत्रपाठातील चक्रधरांची वचने इतकी त्रोटक आहेत की ती कोणत्या प्रसंगी उच्चारली गेली हे ठाऊक असल्याशिवाय त्यांचे मर्म हाती येत नाही. पंथातील जाणत्यांना हे उमगले होते. म्हणूनच वचनांमागचे प्रसंग सांगणारा 'प्रकरणवश' हा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध झाला. सी भाषा येणे म्हणजे लिपी येणे. नवशिक्याला हवे असते ते प्रकरणवश.

संगणकाच्या जगातही असा एक टीकाकार होऊन गेला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर भाष्य लिहिले. मूळ कोड सुमारे नऊ हजार ओळींचा, ओळींना क्रमांक दिलेले, आणि सोबत विवेचन. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने सोर्स कोड वर्गात शिकवण्यास मनाई केली. भाष्य रीतसर छापले गेले ते १९९६ साली. तोवर झेरॉक्स प्रतींवर ते हातोहाती फिरत राहिले. पोथीच्या नकला अशाच होत असत.

आज तो अडसर नाही. एमआयटीने २००६ साली त्याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर एक्सव्ही६ हा छोटा, संपूर्ण कर्नेल शिकवण्यासाठी रचला. सोबत भाष्याचे पुस्तकही आहे आणि दोन्ही विनामूल्य मिळतात. नवशिक्याने तो सुद्धा पहिल्या पानापासून वाचू नये. एकच प्रसंग धरावा. समजा, एका प्रोग्रामने फाइल वाचायला मागितली. ती मागणी कर्नेलच्या दारात कशी येते, कोणते फंक्शन कोणाला हाक मारते, डिस्कचे उत्तर येईपर्यंत तो प्रोग्राम निजतो कसा आणि त्याला उठवतो कोण, हा धागा वही-पेन्सिल घेऊन शेवटपर्यंत न्यावा. वाटेत एक फंक्शन असे भेटते की त्यात शिरते एक प्रक्रिया आणि बाहेर पडते दुसरीच. निवेदक मध्येच बदलणारी कथा ज्याने सावकाश वाचली आहे, त्याला येथे थांबून पुन्हा वाचायचे असते हे वेगळे सांगावे लागत नाही.

हा सराव झाला की लिनक्सकडे वळावे. तेथे २००५ पासून गिटमध्ये प्रत्येक बदल नोंदला जातो: कोणी केला, केव्हा केला आणि बहुधा का केला. लीळाचरित्राच्या हस्तलिखितांतील पाठभेद जुळवताना डॉ. वि. भि. कोलते यांना अशी नोंद कोणी ठेवलेली नव्हती. येथे पाठचिकित्सेची सामग्री आयती असून ती वाचण्याची सवय तेवढी आम्ही लावलेली नाही.

कोणत्याही ओळीचा अर्थ आता यंत्रच सांगते, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. पण सांगितलेला अर्थ बरोबर की चूक, हे मूळ वाचता येणाऱ्यालाच ठरवता येते. ज्याला ते येत नाही, तो दुसऱ्याच्या यंत्रावर आणि दुसऱ्याच्या अर्थावर कायमचा विसंबून राहतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात एक्सव्ही६ ची निदान दहा पाने प्रत्येकाने मोठ्याने वाचून समजावून द्यावीत आणि त्यांना गुण असावेत. दुसरे, त्या कर्नेलवर मराठीत सविस्तर टीका लिहिली जावी. ती लिहायला संगणकाच्या अध्यापकाशेजारी मराठीचा अध्यापक बसला, तर दोघांनाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. संस्कृतातील तत्त्वज्ञान ज्या भाषेने टीकेच्या वाटेने आपलेसे केले, तिला नऊ-दहा हजार ओळींचे ओझे वाटण्याचे कारण नाही.