विश्लेषण : बंदूक साफ करायची ती बार मोजून, की दिवस मोजून?

बारा बोअरची बंदूक किती बार काढल्यानंतर साफ करावी? परवानाधारक शेतकरी असो की मैदानावरचा नेमबाज, दोघेही हा प्रश्न विचारतात आणि दोघांनाही दहा जणांकडून दहा उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो प्रत्येक वेळी, कोणी म्हणतो शंभर काडतुसांनंतर, तर कोणी वर्षातून एकदा पुरे म्हणतो. मात्र कोकणासारख्या दमट हवेच्या प्रदेशात हा प्रश्नच चुकीच्या बाजूने विचारला जातो. तिथे बंदूक वापराने जितकी खराब होते, त्याहून जास्त न वापरता पडून राहिल्याने होते.

वाद नेमका काय आहे?

ट्रॅप किंवा स्कीट खेळणाऱ्या नेमबाजाच्या एका फेरीत २५ चकत्या असतात. सरावाच्या दिवशी शंभरावर काडतुसे सहज उडतात. आजची काडतुसे पूर्वीपेक्षा स्वच्छ जळतात, चांगल्या बंदुकीच्या नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा असतो आणि बंदूक आठवड्यातून दोन-तीनदा हातात येते. त्यामुळे दर वेळी सगळी उघडून घासण्याची गरज नाही, असे काही खेळाडू म्हणतात. कोरड्या हवेत त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे.

सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीतली पीक संरक्षणाची बंदूक वेगळी. माकडे किंवा रानडुकरे हुसकावण्यासाठी वर्षातून दोन-चार बार हवेत निघाले तर निघाले. उरलेला काळ ती खुंटीला नाहीतर ट्रंकेत. बार मोजायचे ठरवले तर या बंदुकीची सफाईची पाळी कधीच येणार नाही. प्रत्यक्षात आधी गंजते ती हीच.

बार काढल्यावर नळीत काय उरते?

काडतूस उडाले की नळीत चार गोष्टी मागे राहतात: जळलेल्या दारूची काजळी, छऱ्यांचे घासलेले शिसे, छर्रे धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या बुचाचा पातळ थर आणि काडतुसाच्या बुडातल्या टोपीच्या स्फोटकाचे अवशेष. आजच्या धूररहित दारूच्या काडतुसांत हे अवशेष लगेच लोखंड खात नाहीत, पण ते ओलावा धरून ठेवतात. जुन्या धाटणीच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर मिठासारखा क्षार उरतो आणि तो हवेतले पाणी ओढून घेतो. घरात वडिलांच्या काळातली काडतुसे असतील, तर ती उडवण्याआधी जाणकाराला दाखवलेली बरी.

ठासणीच्या बंदुकीचे गणित आणखी कडक आहे. तिच्यातली काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. तिचा जवळपास निम्मा भाग जळल्यावरही घन रूपात उरतो आणि हे क्षार पाणी शोषून लोखंडाला चिकटून बसतात. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी नळीच्या तोंडाशी तांबूस थर दिसतो तो याचाच. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून ठासणीची बंदूक त्याच दिवशी गरम पाण्याने धुणे, पूर्ण कोरडी करणे आणि मगच तेल देणे हा एकच क्रम बरोबर. वरून नुसते तेल लावले तर गंज तेलाखाली सुखाने वाढतो.

न उडवलेली बंदूक का गंजते?

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज चढण्याचा वेग झपाट्याने वाढतो. कोकणात जून ते सप्टेंबर ही पातळी कायमच ओलांडलेली असते, आणि किनाऱ्याजवळच्या गावांत त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. शिवाय बंदुकीवर आपणच मीठ लावतो: हाताचा घाम. बंदूक पाहुण्यांना दाखवली, दोघांनी हाताळली आणि तशीच ठेवली, तर महिन्याभरात बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटलेले दिसतात.

क्रोमचा मुलामा इथे फारसा कामाचा नाही. तो नळीच्या आत असतो. नळीचा बाहेरचा भाग, बिजागरी, चाप आणि आतल्या स्प्रिंगा उघड्याच राहतात. कापडी किंवा चामड्याच्या म्यानात बंदूक ‘जपून’ ठेवणारे तर तिला ओल्या फडक्यात गुंडाळूनच ठेवतात म्हणायचे. म्यान ने-आण करण्यापुरते वापरावे, कायम ठेवण्यासाठी नाही.

खंडेनवमीची सफाई पुरते का?

अनेक घरांत बंदूक वर्षातून एकदा, खंडेनवमीला खाली उतरते. पुसली जाते, हळद-कुंकू वाहिले जाते, फूल ठेवले जाते आणि पुन्हा वर जाते. परंपरा चांगली आहे, कारण निदान एक दिवस तरी शस्त्राकडे लक्ष जाते. पण हा दिवस येतो तो पावसाळा सरल्यावर, म्हणजे व्हायचे ते नुकसान होऊन गेल्यावर. त्यात ओले गंध आणि कुंकू धातूवर तसेच राहिले तर तिथेच डाग धरतो. पूजा जरूर करावी, संध्याकाळी बंदूक कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्यावा. मात्र खरी सफाई मृगाआधी, मेअखेरीस व्हायला हवी.

प्रश्न फक्त गंजाचा आहे का?

नाही. प्रश्न बंदूक धरणाऱ्याच्या हाताचा आणि डोळ्यांचा आहे. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. भिंतीवर टांगलेली अशी नळी म्हणजे कुंभारमाशीला घर बांधायला आयती जागा. आत मातीचा गोळा, झाडावरून पडलेला कचरा किंवा सफाई करताना अडकलेली चिंधी असेल आणि तशातच बार काढला, तर नळी फुगते किंवा फाटते. पुढचा हात नळीखालीच असतो. रानडुक्कर कुंपणाशी आले असताना रात्री घाईत बंदूक उचलणारा माणूस नळीत डोकावून बघत नाही. ते आधीच, दिवसाउजेडी बघून ठेवायचे असते.

गंजलेल्या स्प्रिंगेमुळे घोडा अर्ध्यावर अडकणे, चाप जड किंवा धोकादायकरीत्या हलका होणे, काडतूस फुगून बाहेर न निघणे हे पुढचे प्रकार. अशा वेळी माणूस खटपट करतो आणि अपघात तिथे होतो. चाप ओढूनही बार निघाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, मगच बंदूक उघडावी.

सफाईतलाही पहिला धोका काडतुसाचाच. बंदूक रिकामी आहे असे धरून चालू नये. ती मोडून दोन्ही घरे डोळ्यांनी पाहावीत, ठासणीच्या बंदुकीत गज घालून खोली तपासावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. काजळीत शिसे असते. म्हणून हे काम स्वयंपाकघरात किंवा मुलांजवळ करू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

मग वेळापत्रक काय असावे?

• बार काढला की त्याच दिवशी : एक बार असो की पन्नास, नळीतून ब्रश आणि चिंधी फिरवा, बाहेरचा भाग पुसा, तेलाचा पातळ हात द्या. दुनळीसाठी हे पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे.

• पावसात भिजली तर लगेच : नळ्या, पुढची लाकडी पट्टी आणि दस्ता वेगळे करून पुसा. वाऱ्यावर सुकू द्या, चुलीजवळ किंवा उन्हात नको, लाकूड तडकते.

• जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी : बंदूक उडवली नसली तरी बाहेर काढा, नळीतून उजेड पाहा, पुसा, तेल द्या.

• ऑक्टोबर ते मे महिन्यातून एकदा : तेच, पाच मिनिटांत.

• वर्षातून एकदा : आतली यंत्रणा परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. शस्त्र कायदा, १९५९ नुसार बंदूक दुरुस्त करण्याच्या व्यवसायालाही परवाना लागतो. गावचा लोहार कितीही कसबी असला तरी त्याच्याकडे बंदूक देणे दोघांनाही अडचणीचे ठरेल.

मैदानावरच्या नेमबाजाला यातला पंधरवड्याचा नियम लागू नाही, कारण त्याची बंदूक तशीही हातात असते. पण मुंबईच्या किंवा गोव्याच्या हवेत ‘पाचशे काडतुसांनंतर’ हे त्याचेही गणित चालणार नाही.

काय वापरावे, काय टाळावे?

ब्रश आणि चिंधी काडतुसाच्या बाजूने घालून तोंडाकडे काढावी, म्हणजे घाण यंत्रणेत उतरत नाही. बंदुकीचे तेल मिळाले नाही तर शिवणयंत्राचे पातळ तेल चालते. खोबरेल नको. ते थंडीत गोठते, कालांतराने चिकट होते आणि धूळ धरते. रॉकेलने घाण सुटते, पण ते उडून गेल्यावर धातू उघडा पडतो, म्हणून त्यावर तेल हवेच.

अति तेही वाईट. तेल ओथंबलेली बंदूक उभी ठेवली तर ते खाली उतरून दस्त्याचे लाकूड कुजवते. नळीत तेल साचले असताना बार काढणे धोक्याचे. वापरण्याआधी एक कोरडी चिंधी फिरवण्याची सवय लावावी.

ठाण्यात जमा केलेल्या बंदुकीचे काय?

हा मुद्दा मालकाच्या हातात नाही आणि म्हणूनच तो बोलायला हवा. निवडणुकीत परवानाधारकांच्या बंदुका जमा करून घेतल्या जातात. कायदा-सुव्यवस्थेसाठी ते समजण्यासारखे आहे. पण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ६ जूनला उठली. कोकणात तेव्हा पाऊस दारात असतो. जवळपास तीन महिने फडक्यात गुंडाळलेली बंदूक पावसाच्या तोंडावर परत मिळते आणि शेताच्या कामाच्या घाईत तशीच खुंटीला जाते.

यावर उपाय महागडा नाही. जमा करण्याआधी मालकाने बंदूक साफ करून तेल द्यावे, परत मिळाल्यावर त्याच दिवशी नळी तपासावी. ठाण्याने ती कोरड्या खोलीत, भिंतीपासून दूर ठेवावी आणि पावतीवर बंदुकीची स्थिती नोंदवावी. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाच्या वेळी कागदांबरोबर कारागिराचा तपासणी दाखलाही मागितला, आणि तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा तपासणी शिबिर घेतले, तर धोकादायक बंदुका अपघाताआधीच बाजूला पडतील. त्याच शिबिरात हेही सांगता येईल, की पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. वन्यप्राणी मारण्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी लागते.

तोवर जबाबदारी मालकाचीच. परवाना मिळवताना सुरक्षिततेची हमी आपण देतो, ती कुलूप लावण्यापुरती नसते. ज्या बंदुकीच्या नळीतून गेल्या महिन्याभरात कोणी उजेड पाहिलेला नाही, ती भरायला घेऊ नये.