मिरासदारांच्या मुलखात

या अंकासाठी तंजावरवर एक प्रवासलेख आला, सोबत अकरा छायाचित्रं. बृहदीश्वराचं शिखर, सरस्वती महाल, सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा, आणि मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला मराठी शिलालेख, तो तर चार कोनांतून. मराठी माणूस तंजावरला जातो तो बहुधा आपली पाटी वाचायला. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती हे सांगताना आपला आवाज जरा चढतो, चढू द्यावा. पण हे सगळं वैभव ज्या भातावर पोसलं गेलं, ते चिखलात वाकून लावलं कोणी, हे लेखात कुठे नव्हतं. आणि ते नाही हे आमच्याही लक्षात आलं ते मुद्रितं तपासताना.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जमीनमालकाला म्हणतात मिरासदार. शब्द मूळचा अरबी, पण आपल्या दफ्तरांत मुरलेला. द. मा. मिरासदारांच्या कृपेने आपल्याला तो ऐकताच हसू फुटतं. तिथल्या दलित मजुराला फुटत नाही. तो एकेकाळी पण्णैयाळ होता, म्हणजे बायकापोरांसकट मालकाच्या शेताला बांधलेला गडी. चुकला की चाबूक, नाहीतर शेण कालवलेलं पाणी पाजायचं. १९४३ च्या सुमारास बी. श्रीनिवास राव हे कानडी मुलखातले कम्युनिस्ट कार्यकर्ते तिथे गेले आणि किसान सभेच्या बळावर या शिक्षांविरुद्ध माणसं उभी राहिली. दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, तलासरी-उंबरगावच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वेठ आणि लग्नाच्या कर्जापोटी राबवून घेणारी लग्नगडीची पद्धत नाकारली. तंजावर आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा यांचं खरं नातं जोडायचं तर ते इथेही जोडता येतं. सगळं नातं राजघराण्याचंच असायला हवं असं नाही.

१९५२ मध्ये मद्रास सरकारने पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा केला. त्यावर अनेक मिरासदारांनी काढलेली पळवाट अगदी सोपी होती: सालाचा गडी ठेवायचाच नाही, रोजावर बोलवायचं. दावं सुटलं, पण हक्काचं काम आणि धान्यही गेलं. आता भांडण उरलं ते मजुरीच्या मापाचं.

याच भागातल्या कीळवेण्मणी गावच्या दलित मजुरांनी १९६८ साली मागितलं ते सुगीच्या मजुरीत अर्धं माप भात जास्त. मिरासदारांनी भातउत्पादकांची संघटना बांधली होती आणि तिला मजुरांचा लाल बावटा डोळ्यांत सलत होता. २५ डिसेंबरच्या रात्री हल्ला झाला. जीव वाचवायला माणसं एका झोपडीत शिरली आणि ती झोपडी पेटवण्यात आली. ४४ जण गेले, बहुतेक बाया आणि मुलं. खालच्या न्यायालयाने मिरासदारांना शिक्षा दिल्या, मद्रास उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये त्यांना सोडून दिलं. निकालातला एक तर्क असा होता की, मोटारगाडी बाळगणारे श्रीमंत गृहस्थ स्वतः पायी जाऊन घरं पेटवतील हे पटण्यासारखं नाही. प्रतिष्ठेला इतका भक्कम जामीन क्वचितच मिळाला असेल.

त्या रात्रीनंतर कृष्णम्माळ आणि शंकरलिंगम जगन्नाथन हे सर्वोदयी जोडपं या भागात कामाला लागलं. १९८१ मध्ये त्यांनी 'लाफ्टी' ही संस्था काढली, जमिनी विकत घेतल्या आणि हजारो भूमिहीन दलित कुटुंबांतल्या बायकांच्या नावावर केल्या. सातबारा बाईच्या नावाने, असं आपल्याकडे म्हणू. किती घरांत तो तसा आहे, हे वाचकांनी आपल्याच कपाटात पाहावं.

दलित मजुराच्या मागे निदान संघटना होती. आदिवासी मजुराच्या मागे बऱ्याचदा तीही नसते. तमिळनाडूतले इरुळर आणि आपले कातकरी या दोन्ही जमाती सरकारी यादीत अतिअसुरक्षित. दोघांच्याही गावात जमीन दुसऱ्याची, दोघेही वीटभट्टीवर आणि शेतावर उचल घेऊन बांधलेले. २०१८ च्या नोव्हेंबरात गाजा वादळाने त्रिभुज प्रदेश झोडपला, त्यानंतर तंजावर भागातल्या एका मजूर कुटुंबाचा मुलगा ३६ हजार रुपयांपोटी शेळ्या राखायला ठेवलेला सापडला. हे वाचून चुकचुकणाऱ्यांनी २०२२ चा सप्टेंबर आठवावा. इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीवरची मुलं मेंढ्यांमागे पाठवलेली आढळली, तीही एक दहा वर्षांची मुलगी दगावल्यावर. बदल्यात घरी मिळाले होते थोडे पैसे आणि एखादी मेंढी. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे.

प्रवासलेख आम्ही छापला आहे, चांगला आहे. लेखकाला फक्त एक विनंती केली, की शेताचं एखादं छायाचित्र असेल तर पाठवा. आलं. हिरवंगार खाचर, मागे नारळी, आणि ओळीने वाकलेल्या सात बायका. या कोण, कुठल्या, रोज काय पडतो, असं विचारलं. लेखक प्रामाणिक माणूस. म्हणाले, गाडी थांबवून काचेतूनच फोटो काढला हो. पान ११२ वर तो आहे. खाली ओळ नाही.