किल्लारीचं नाव घेता, तर पूर्ण घ्या

गेल्या आठवड्यात परंड्यात माणसं पुरातून हेलिकॉप्टरनं उचलावी लागत होती. त्याच दिवसांत, 23 सप्टेंबर 2025 ला, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत डोनाल्ड ट्रम्प जगाला सांगत होते, की हवामानबदल ही आजवरची सर्वांत मोठी फसवणूक आहे. ट्रम्पसाहेबांचं मला नवल नाही. सीना नदी कुठून वाहते, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. नवल वाटतं ते उमरग्याचं. सोयाबीन पाण्यात उभं, गंजी लावायला कोरडी जागा नाही, आणि त्या भाषणाची चित्रफीत आमच्याच गावातले लोक एकमेकांना पाठवतायत, वर अंगठा दाखवून. मी एकाला हटकलं, तर त्यानं हुकमाचा एक्का टाकला. "ओ सर, त्र्याण्णवला हेच शास्त्रज्ञ म्हणत होते ना, इकडं भूकंप होत नसतोय म्हणून? मग आता ह्यायचं कशाला ऐकावं?"

दरवर्षी 30 सप्टेंबर, म्हणजे 1993 च्या किल्लारी भूकंपाचा दिवस, जवळ आला की हा एक्का निघतो. यंदा ट्रम्प यांच्यामुळे जरा लवकर निघाला, इतकंच. इतकी वर्षं मी हसून सोडून दिलं. या वेळी नाही सोडणार, कारण आपल्याकडच्या सगळ्या शंकेखोर युक्तिवादांमध्ये हा एकच दमदार आहे, आणि तो अर्धा खरा आहे.

खरा अर्धा आधी मान्य करू. 1993 साली आपला भाग भूकंपाच्या सरकारी नकाशात क्षेत्र एकमध्ये होता, म्हणजे देशात सर्वांत कमी धोक्याचा. दख्खनचं पठार जुनं, स्थिर, इथं काही होत नाही, असं पुस्तकात होतं आणि मास्तरही तसंच शिकवायचे. कोयनेच्या भूकंपानं 11 डिसेंबर 1967 ला त्या समजुतीला धक्का दिला होता. पण ते धरणाचं प्रकरण म्हणून बाजूला ठेवता आलं. 1992 मध्ये किल्लारीला धक्क्यांची मालिका झाली, लोक घाबरले. पुढं धक्के थांबले आणि माणसं पुन्हा त्याच दगड-मातीच्या भिंतींत, त्याच माळवदाखाली झोपायला गेली. मग अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. सरकारी आकडा 7,928 मृत्यूंचा आहे. त्यात उद्ध्वस्त झालेलं सास्तूर तेव्हा आपल्याच उमरगा तालुक्यात होतं, लोहारा नंतर वेगळा निघाला. त्यामुळे हे दुसऱ्याचं दुःख म्हणून मी लिहीत नाही.

शास्त्रज्ञ चुकले होते, हे नि:संशय. पण कशामुळे चुकले, हा पुढचा प्रश्न एक्का टाकणारा कधी विचारत नाही. त्यांच्याकडे नोंदी नव्हत्या. या पट्ट्यातल्या मोठ्या भूकंपाची इतिहासात ठळक नोंद नाही, म्हणून भूकंप नाही, असा तो हिशेब होता. ते एकमत कोऱ्या वहीवर उभं होतं.

आणि ते दुरुस्त कुणी केलं? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेच्या लोकांनी किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र घेतलं. आपला काळा दगड 338 मीटरवर संपतो आणि त्याखाली काय आहे, हे आपल्याला तेव्हा कळलं. माकणीच्या धरणाच्या पाण्यानं भूकंप झाला का, यावर शास्त्रज्ञ एकमेकांशी वर्षानुवर्षं भांडले, उघडपणे, शोधनिबंधांतून. 2002 मध्ये नवा नकाशा आला. त्यातून क्षेत्र एक हा वर्गच काढून टाकला आणि आपण क्षेत्र तीनमध्ये गेलो. नऊ वर्षं लागली, ही सरकारी गती झाली. तरी जुनी चूक खोडली ती यंत्र आणि नोंदवही घेऊन बसलेल्या माणसांनीच. कुठल्या बुवानं ती खोडलेली नाही.

आता हवामानाचं एकमत कशावर उभं आहे ते बघा. भारतीय हवामान विभाग 1875 चा. म्हणजे पावसाची वही दीडशे वर्षांची. कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचं पहिलं गणित स्वीडनच्या अऱ्हेनियसनं 1896 मध्ये मांडलं, तेव्हा ना हा वाद होता ना त्याचं राजकारण. हवाई बेटावर चार्ल्स कीलिंगनं 1958 पासून हवा मोजायला सुरुवात केली. तेव्हा दर दहा लाख भागांत 315 भाग कार्बन डायऑक्साइड होता, आज 420 च्या वर आहे. ही वही कोरी नाही, भरून वाहते आहे.

परदेशी आकड्यांवर विश्वास नसेल तर पुण्यात या. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या बी. एन. गोस्वामी यांच्या गटानं 2006 मध्ये मध्य भारताचा पन्नास वर्षांचा पाऊस तपासला. मुसळधार दिवस वाढलेत, मध्यम पावसाचे दिवस घटलेत आणि हंगामाची एकूण बेरीज जवळपास तिथंच आहे. 'पाऊस तर तेवढाच पडतोय की' म्हणणाऱ्यांना उत्तर यात आहे. पेरलेल्या माणसाला बेरजेचं काय करायचं? त्याला जुलैत बारीक झिमझिम हवी असते, सप्टेंबरात एका रात्रीत आभाळ फाटलेलं नको असतं. 2017 मध्ये त्याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटानं दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आणि 2020 चा केंद्र सरकारचा स्वतःचा अहवाल सांगतो, की 1901 ते 2018 मध्ये देशाचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशानं वाढलं. तोच अहवाल हेही सांगतो, की मोसमी पावसात जी घट दिसते, तिच्यात हवेतल्या धूलिकणांचाही हात आहे. सगळं खापर एकावरच फोडलेलं नाही. फसवणूक करणारा असा अडचणीचा परिच्छेद स्वतःहून लिहीत नसतो.

म्हणजे किल्लारीची तुलना उलटी बसते. तेव्हा 'काही होणार नाही' असं नकाशा सांगत होता आणि किंमत आपण मोजली. आज 'काही होणार नाही' असं कोण सांगतंय? अंगठा दाखवणारे. किल्लारी ज्याच्या खरोखर लक्षात आहे, त्यानं पुराव्याशिवाय मिळालेल्या निर्धास्तीला सगळ्यात आधी घाबरायला हवं.

शंका घेऊच नये, असं मी म्हणत नाही. या सप्टेंबरातला प्रत्येक थेंब हवामानबदलानंच पाडला, असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडेही पुरावा मागा. अधिकाऱ्यांना तर हा शब्द आता फार आवडायला लागलाय. नाला बुजवून प्लॉट पाडले, पूल ठेंगणा बांधला, बंधाऱ्याचे दरवाजे वेळेवर काढले नाहीत, या सगळ्यांवर एकच उत्तर: हवामानबदल. ही पळवाट आहे आणि तिच्यावर शंका घ्यायलाच हवी. 2017 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकला म्हणून हवामान विभागाविरुद्ध दिंद्रुड पोलिस ठाण्यात तक्रार दिली होती. पुण्या-मुंबईत हसले लोक. मी हसलो नव्हतो. पेरणी वाया गेलेल्या माणसानं दाद मागावी कुठं? पण उद्याचा अंदाज आणि तीस वर्षांचा कल या दोन गोष्टी आहेत. दिवाळीआधीच्या बाजाराला अमका माणूस येईल का, हे सांगता येत नाही. गर्दी होईल, हे कुणीही सांगतो.

खऱ्या शंकेखोराचा नमुना बघायचा तर अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर. तापमानाच्या नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी बर्कलीत गट उभा केला, जगभरच्या नोंदी नव्यानं तपासल्या आणि 2012 मध्ये जाहीर सांगितलं, की तापमान वाढतंय आणि ते माणसामुळेच. आमचे शंकेखोर मात्र दोनशेहून जास्त शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या हवामानाच्या जागतिक अहवालाला 'कोण जाणे' म्हणतात आणि पवनचक्क्यांनी पाऊस पळवला, हे एका फॉरवर्डवर मानतात. तिथं पुरावा लागत नाही.

आणि आता आलोच आहे तर उसावरही येतो, वाचकांना सवय आहे. माझा जुना संशय असा, की हवामानबदल सगळ्यात ठामपणे नाकारतो तो उसवाला. याला माझ्याकडे सर्वेक्षण नाही, आकडा नाही. पण ज्याला सहाशे फुटांवरून पाणी ओढून ऊस जगवायचाय, त्याला आभाळाचं काही बिघडलंय हे मान्य करणं परवडतच नाही. मान्य केलं तर मोटार बंद करावी लागेल.

राहिला तो एक्का. शास्त्रज्ञ चुकले ते बत्तीस वर्षं आपल्या पाठ आहे. ते दुरुस्त होऊन आले, त्यानंतर आपण त्यांचं काय ऐकलं? उमरग्यात सध्या कुठलंही नवं तीन मजली बांधकाम गाठा आणि मालकाला विचारा, आपण भूकंपाच्या कुठल्या क्षेत्रात येतो. मग मिस्त्रीला विचारा. दोघांपैकी एकानं जरी 'तीन' म्हटलं, तर पुढच्या आठवड्याचा स्तंभ मी ट्रम्पसाहेबांच्या बाजूनं लिहीन.